अप्पा जेवले

"सरका गं बायांनो, मला फरशी तर काढू द्या," असं म्हणत सिद्धम्मानं पदर खोचला आणि ती समाधीपुढं उकिडवी बसली. मागं बायांचा घोळका उभा होता. कुणाच्या हातात नारळ, कुणाच्या हातात बेल, एकीच्या कडेवर रडकं पोर. सिद्धम्मानं दोन्ही हातांनी शहाबादी फरशीचा तुकडा बाजूला सरकवला, कोनाड्यात हात घातला आणि पितळी ताट बाहेर काढून सगळ्यांना दिसेल असं वर धरलं.

ताट लख्ख होतं. काल सोमवारी दिवेलागणीला तिनं त्यात भाकरी, भाजल्या डाळी-मसाल्याच्या येसराची आमटी, भात आणि वर तुपाची धार असं भरगच्च वाढून ठेवलं होतं. आता त्यात भाताचं शीतसुद्धा नव्हतं.

"जेवले," सिद्धम्मा म्हणाली.

"जेवले गं बाई अप्पा!" बायांनी हात जोडले. कडेवरच्या पोराचं डोकं त्याच्या आईनं चौथऱ्याला टेकवलं, तसं ते आणखीच मोठ्यानं रडलं.

ऐकणाऱ्याला हे थोतांड वाटेल. वाटू द्या. पण कोनाड्याचं तोंड फरशीनं बंद, फरशी दोन्ही हातांनी ढकलल्याशिवाय हलत नाही, सकाळी ती जिथल्या तिथं, आणि आतलं ताट मात्र पुसून घेतलेलं. कावळा म्हणावं तर चोच शिरायला फट नाही, कुत्रं म्हणावं तर त्याला हात नाहीत. भल्याभल्यांनी येऊन बघितलं आणि जाताना चपला हातात घेऊन, मागं सरत गेले.

ही समाधी सिद्धम्माच्या नवऱ्याची, गुरुपादप्पांची. नांदेड रोडला पूर्वी जिथं लातूर संपायचं, तिथं त्यांचं शेत होतं. पुढं लातूर संपायचं नावच घेईना. शहर बांधावर आलं, बांध ओलांडून आत आलं आणि ज्वारीच्या जागी शिवदर्शन नगर उभं राहिलं. प्लॉट गुरुपादप्पांनी स्वतःच पाडले. फक्त नाल्याकडचा एक कोपरा राखून ठेवला आणि लेकाला सांगितलं, "मला हितंच बसवा." लिंगायताच्या घरी मेलेल्याला निजवत नाहीत, बसवतात. हातात इष्टलिंग देऊन, विभूती लावून, बसवून माती देतात. तसं बसवलं. वर मुरूम-दगड भरून चौथरा बांधला, चौथऱ्यावर लिंग आणि नंदी ठेवले, पुढच्या अंगाला दिव्यासाठी कोनाडा केला.

समाधीच्या मागं दुसऱ्या कुणाची तरी जमीन भावकीच्या वादात पडीक पडलेली होती. घाणेरी, बोरी, तरवड असं सगळं माजलेलं. त्यात ससे होते, मुंगसं होती, पहाटे मोर ओरडायचे. घोरपड तर एकदा सिद्धम्माच्या सुनेच्या, सुकन्याच्या न्हाणीत निघाली होती. सुकन्या साबणाच्या फेसासकट बाहेर पळाली आणि घोरपड आत बादलीमागं दबून बसली. दोघींत जास्त कोण भ्यालं होतं, सांगता येणार नाही.

असो. गोष्ट ताटाची आहे.

गुरुपादप्पा माणूस वाईट नव्हता. भुसार मालाचं दुकान, तोंडात शिवी नाही, सुपारीच्या खांडाचं व्यसन नाही. बायकोवर हात तर सोडाच, आवाजही कधी चढवला नाही. पण जेवायला बसले, पहिला घास तोंडात गेला, की म्हणायचे, "मीठ कमी." बस्स, दोन शब्द. आणि अर्धं ताट तसंच ठेवून उठायचे. लग्न झाल्याच्या पहिल्या दिवसापासून दवाखान्यातल्या शेवटच्या डब्यापर्यंत हेच. सिद्धम्मानं सण केले, पाहुणे केले, पंगती उठवल्या. पण "चांगलं झालंय" हे काही तिच्या कानावर पडलं नाही.

आणि सिद्धम्माही मोठी वस्ताद. तिला स्वतःला कधी मीठ कमी वाटलंच नाही. रांधताना चव घ्यायची नाही, आधी देव, मग मालक, मग आपण, ही सासूची शिस्त तिनं अंगी बाणवलेली. आणि स्वतः जेवायची ती ठेच्याबरोबर. ताटात हिरव्या मिरचीचा ठेचा नसला तर तिला घास उतरत नसे, आणि तो ठेचा असला की आमटीत मीठ आहे का माती आहे हे कुणाला कळणार? "आमच्या चाकूरला असंच खातेत," ती म्हणायची. "ह्यांचीच जीभ खारट हाय, त्याला मी काय करू?" घरात सुकन्या मात्र मिठाची वाटी ताटाआड लपवून ठेवायची, आणि सासूची पाठ वळली की वाटी सगळ्या पंगतीतून फिरून यायची. हे साऱ्या घराला ठाऊक होतं, एका सिद्धम्माला सोडून.

अप्पांना बसवलं त्या दिवशी विधी सांगणाऱ्या स्वामींनी रीतीप्रमाणं खड्ड्यात मीठ घालायला सांगितलं. लेकानं, अमरनाथनं, पोतं सोडलं. तोवर रडून रडून थकलेली सिद्धम्मा एकदम म्हणाली, "घाला, पोटभर घाला. आता तरी कमी हाय म्हणू नका म्हणावं." जमलेल्या माणसांना रडावं की हसावं कळेना. बऱ्याच जणांनी उपरण्यानं तोंड झाकून दोन्ही केलं.

त्यानंतरच्या सोमवारी तिनं पहिलं ताट ठेवलं. कुत्र्यांनी तोंड घालू नये म्हणून कोनाड्यात ठेवून वर फरशी लावली. मंगळवारी सकाळी बघते तर ताट रिकामं! सिद्धम्मा तिथंच मटकन बसली. उभ्या जन्मात ज्यांनी भाकरीचा शेवटचा चतकोर संपवला नाही, त्यांनी आमटीचा थेंबही ठेवला नव्हता. ती रडली, मग हसली, मग पदरानं ताट पुसत बसली, जरी त्यात पुसण्यासारखं काही नव्हतं. जिवंतपणी जे ऐकायला मिळालं नाही ते आता ताट सांगत होतं. तिला एवढं सुख झालं की घरी येऊन तिनं सुनेला मिठीच मारली.

सुकन्यानं शेजारणीला सांगितलं, शेजारणीनं गल्लीला. कुणाचा पोरगा बारावीला निघाला, कुणाच्या सुनेला दिवस गेले, ते सगळं अप्पांच्या नावावर जमा झालं. कुणीतरी घंटा आणून बांधली. अमरनाथ सुरुवातीला हसला होता. त्याचं पाइप-मोटारींचं दुकान, देवधर्माला फुरसत नाही. पण पुढं दुकानात आलेलं गिऱ्हाईक आधी समाधीची चौकशी करायचं आणि मग पाइपची. वाकून नमस्कार घडायला लागले. माणूसच आहे, त्याला ते आवडायला लागलं.

सिद्धम्माला नवसाशी देणंघेणं नव्हतं. बाया पाया पडायला लागल्या की ती अवघडून म्हणायची, "मला कशाला पडता गं? मी निस्ती स्वयंपाकीण." पण हे म्हणताना तिचा चेहरा असा फुललेला असायचा की बघणाऱ्यालाही बरं वाटायचं.

चैत्रातल्या एका सोमवारी तिचे गुडघे फारच धरले होते. दिवेलागणीला ताट ठेवलं, फरशी लावली, दिवा लावला आणि लगेच उठायचं सोडून ती चौथऱ्याला टेकून बसली. बाया केव्हाच गेल्या होत्या. आणि तेवढ्यात आतून आवाज आला.

चप्... चप्... चप्.

सिद्धम्मा दचकून सरळ बसली. मग तिनं डोक्यावरचा पदर पुढं ओढला, लग्नातल्यासारखा. इकडं तिकडं बघितलं. आणि फरशीजवळ तोंड नेऊन हळूच विचारलं, "बराबर हाय का मीठ?"

आवाज थांबला.

तिनं थोडी वाट बघितली. आतून काही उत्तर येईना. मग न राहवून तिनं फरशी चार बोटं सरकवली. आत दिव्याचा उजेड गेला आणि उजेडात दोन डोळे चमकले. टोकदार कान, निमुळतं तोंड, आणि तोंडाला येसराची आमटी लागलेली. ते तोंड क्षणभर तिच्याकडं बघत राहिलं आणि झटकन मागं गेलं. कोनाड्याच्या मागचे दगड केव्हाच ढासळले होते. तिथं बीळ होतं, आणि बिळात आणखी बारके कान हलत होते.

खोकड. मांजराहून थोरलं, कुत्र्याहून धाकटं, राखी अंगाचं. सिद्धम्मानं लहानपणी चाकूरच्या माळावर पाहिलेलं. मागच्या झाडीतून पोखरत पोखरत ते चौथऱ्याच्या भरावात आलं होतं आणि त्याला रोजच्या उंदरा-टोळांबरोबर आठवड्याला एक तूपभाताचं ताट घरपोच मिळत होतं.

भरल्या गर्दीत कुणी थोबाडीत मारावी तसं तिला झालं. घरी आली, जेवली नाही. "उपास हाय," म्हणाली. सुकन्या म्हणाली, "आत्याबाई, आज कशाचा उपास?" सिद्धम्मा भिंतीकडं तोंड करून पडली. नवरा मेला तेव्हा लोक होते, रडायला जागा होती. आज नवरा दुसऱ्यांदा गेला होता आणि कुणाला सांगायची सोय नव्हती.

दुसऱ्या दिवशी ती पंचशीलाकडं गेली. पंचशीला सरकारी दवाखान्यात नर्स. तिचं घर समाधीच्या पाठीमागं, झाडीला लागून. गच्चीवरून सगळी पडीक जमीन दिसायची. गल्ली तिला सिस्टरबाई म्हणायची. ती समाधीवर कधी नवसाला आली नव्हती, पण सिद्धम्माच्या गुडघ्यांना मलम मात्र तीच आणून द्यायची.

"पंचशीला, तुझ्या गच्चीवरून कधी खोकड दिसलं का गं?" सिद्धम्मानं सहज विचारल्यासारखं विचारलं.

पंचशीला धुणं पिळत होती. ती थांबली. "दिसतंय की काकू. हिवाळ्यापासून दिसतंय. नाईट करून येते ना मी, तवा. शेपटीचं टोक काळं हाय तिच्या. आता पिलं बी झालीत."

"कुठून निघतंय?"

पंचशीला पुन्हा धुणं पिळायला लागली.

"म्हणजे तुला माहीत होतं," सिद्धम्मा म्हणाली.

"होतं."

"मग सांगितलं का न्हाईस? गावभर मी ताट नाचवत फिरायले, अन् तू गच्चीवरून गंमत बघायलीस?"

"गंमत न्हाई काकू." पंचशीलानं हात कोरडे केले आणि तिच्याजवळ येऊन बसली. "मी रोज मेलेल्याची माणसं बघते. कुणी भिंतीवर डोकं आपटतंय, कुणी बोलतच न्हाई. तुम्ही ताट घेऊन निघालाव की हसत असताव. ते हसू मी कशाला काढून घेऊ?"

सिद्धम्माला राग आला आणि रडू आलं, दोन्ही एकदम. मग तिच्या मनात वेगळंच भय उठलं. "ते खालपर्यंत तर गेलं नसंल ना गं? मालकापर्यंत?"

"न्हाई हो. वरच्या मुरमातच हाय ते."

"न्हाईच जायचं," सिद्धम्मा नाक पुसत म्हणाली. "पोतंभर मीठ हाय खाली." आणि तेवढ्यातही दोघींना हसू फुटलं.

जाताना तिनं पंचशीलाकडून कुणाला न सांगायचं वचन घेतलं. ठरलं. झाकली मूठ सव्वा लाखाची. पुढच्या सोमवारी तिला वाटलं, मेलं खोकडाला कशाला मी रांधू? फुकट खाऊन माझीच फजिती केली त्यानं. असं म्हणत म्हणतच तिनं भाकऱ्या थापल्या, आणि ताट वाढताना भात जरा जास्तच घातला. पिलं होती ना.

पण मूठ झाकून ठेवणं तिच्या हातात राहिलं नाही.

"आई, बसव जयंतीला कामाची सुरुवात करायची," अमरनाथ एका संध्याकाळी जेवताना म्हणाला. "नारळ फोडायला मोठी माणसं येणार हायत. वर मंडप, खाली ग्रॅनाइट, चारी बाजूनं ग्रिल. वैजनाथ मिस्त्रीला काम दिलंय. तो बघून गेला. म्हणतो चौथरा आतून पोकळ झालाय, आधी समदी पोकळी काँक्रीटनं भरून घ्यावी लागंल. मग पुढचं."

सिद्धम्माच्या हातातला घास हातातच राहिला. "समदी पोकळी?"

"हाव. कोनाडा बी बुजवायचा. पुढं चांदीचा पत्रा मारून नैवेद्याला नवीन जागा करू."

"आत्ता नगं. पावसाळ्यानंतर बघू."

"पावसाळ्यात तर चौथरा बसंल खाली."

"अरे, वर्ष सरलं न्हाई अजून. अप्पाला हलवू नये."

"अप्पाला कोण हलवायलंय? वरून ओतायचंय."

तिनं अमावास्या काढून बघितली, गुडघे काढून बघितले, स्वामींना विचारायला हवं असंही म्हणून बघितलं. स्वामींनी मुहूर्त आधीच काढून दिला होता. शेवटी अमरनाथ चिडला. "आई, तुला झालंय तरी काय? तूच तर जगाला सांगितलंस की अप्पा जेवतेत. आता मी त्यांच्यासाठी देऊळ बांधायलोय तर तूच पाय ओढायलीस? लोकांना शब्द दिलाय मी."

सुकन्यानं मिठाची वाटी पदराखाली घेतली आणि आत गेली. सिद्धम्माचा त्या रात्री डोळा लागला नाही. बोलावं तर लेकाची अब्रू जाते, आपली जाते, मालकांचं नाव हसण्यावारी जातं. न बोलावं तर ती बारकी तोंडं जिवंत गाडली जातात, तीही मालकांच्या उशाशी. एका बाजूला सगळं गाव होतं आणि दुसऱ्या बाजूला खोकडाची पिलं. कुणी ऐकलं असतं तर म्हणालं असतं, यात विचार कसला करायचा? पण तिनं त्यांना आपल्या हातचं खाऊ घातलं होतं. नकळत का होईना, घातलं होतं.

बसव जयंतीला सकाळी समाधीपाशी मांडव पडला. फेटे बांधलेली माणसं आली, बाया नटून आल्या, रस्त्यावर काँक्रीटचं मिक्सर धडधडत फिरायला लागलं. नारळ फुटला, टाळ्या झाल्या. वैजनाथ मिस्त्रीच्या माणसांनी पहिली घमेली उचलली, तशी सिद्धम्मा पुढं झाली आणि कोनाड्याला पाठ लावून खाली बसली.

"अमर, मशीन बंद कर."

"आई, उठ. काय करायलीस?"

"बंद कर म्हणते ना!"

तिचा तो आवाज अमरनाथनं उभ्या जन्मात ऐकला नव्हता. त्यानं हात केला. मिक्सर थांबलं. एकदम शांतता झाली आणि त्या शांततेत बोलणं आणखी अवघड झालं.

"अप्पा जेवत नव्हते," सिद्धम्मा म्हणाली. "हितं आत खोकड हाय. ते खायचं. मी माझ्या डोळ्यानं बघितलंय. त्याची पिलं हायत आत. काँक्रीट ओतायचं न्हाई."

कुणाला काही कळलंच नाही आधी. मग कुणीतरी फिस्सकन हसलं. वैजनाथ मिस्त्री पुढं आला, फरशी बाजूला करून गुडघ्यावर बसला आणि मोबाईलची बॅटरी आत मारली. "आयला," तो म्हणाला. "खरंच की. तीन हायत. थोरलं आत दबून बसलंय."

मग काय विचारता! जो तो वाकून बघायला लागला. फेटेवाले एकमेकांकडं बघून मिशीतल्या मिशीत हसले. एक बाई कमरेवर हात ठेवून पुढं आली. "मग माझ्या सुनेला दिवस गेले ते कुणामुळं?"

"ते तुमच्या लेकाला विचारा मावशी," मिस्त्री म्हणाला आणि मांडवात हशा पिकला.

सिद्धम्मा मान खाली घालून बसून राहिली. धरणीनं पोटात घेतलं तर बरं, असं तिला वाटत होतं. पण ती उठली नाही. अमरनाथ तिच्याजवळ वाकला. त्याचं तोंड उतरलं होतं. "आई, घरी सांगायचं होतंस. चारचौघांत माझं नाक कापलंस."

"घरी सांगितलं असतं तर थांबला असतास?"

अमरनाथनं तिच्या दंडाला धरलं.

"उठ आता. पिलं बाहेर काढून देऊ सोडून, अन् काम करू."

"आईपासून तोडून? डोळे उघडून किती दिस झाले असतील त्यांचे?" ती तशीच बसून राहिली. "वतायचंच असंल तर माझ्यावरून वता."

अमरनाथनं मिस्त्रीकडं बघितलं. वैजनाथनं घमेलं खाली ठेवलं होतं. "शेठ, मला न्हाई जमायचं. लेकुरवाळी हाय ती. बाहेर पडू द्या त्यांना, मग बोलवा."

पाहुणे पांगले. कालवलेलं काँक्रीट घ्यायला जागा नव्हती, ते रस्त्याच्या कडेला ओतलं आणि दुपारच्या उन्हात तिथंच धोंडा होऊन बसलं. अजून आहे. त्यावर पोरं क्रिकेटचे स्टंप टेकवतात.

त्या दिवसानंतर समाधीवर बायका फिरकल्या नाहीत. घंटा ज्यानं बांधली होती तो काढून घेऊन गेला. पण बघ्यांचा तोटा नव्हता. पोरंठोरं मोबाईल घेऊन कोनाड्यात डोकावायची, आत काड्या घालायची. सिद्धम्मा काठी घेऊन त्यांच्यामागं लागायची, गुडघे साथ देत नव्हते तरी. आणि मग एका सकाळी पंचशीला ड्युटीवरून परस्पर तिच्याकडंच आली, गणवेशातच.

"काकू, गेली ती. पहाटं एकेक पिलू तोंडात धरून नेलं. नाला ओलांडून, पलीकडच्या माळावर. तिन्ही नेली."

"तिन्ही?"

"हाव. ड्युटीवरून येऊन आमच्या गेटशी पोचले अन् तिथंच उभी राहून बघितलं."

"बरं झालं," सिद्धम्मा म्हणाली. पंचशीलाला चहा दिला, स्वतःही घेतला. पंचशीला गेल्यावर ती बराच वेळ कप हातात धरून बसून राहिली. बरं झालं होतं, हे खरंच होतं. पण घर रिकामं झाल्यासारखं तिला वाटलं, हेही खरं.

अमरनाथ अजून तिच्याशी धड बोलत नव्हता. दुकानात गिऱ्हाइकं विचारायची, "काय शेठ, अप्पा काय म्हणतात?" आणि हसायची. तो घरी येऊन मुकाट्यानं जेवायचा.

सोमवार आला. सिद्धम्मा उठली, पीठ मळलं, येसर काढलं. सुकन्या दारात उभी राहून बघत होती. "आत्याबाई, आता कुणासाठी?"

"सोमवार हाय," सिद्धम्मा म्हणाली.

दिवेलागणीला तिनं ताट ठेवलं. फरशी लावली, दिवा लावला, हात जोडले. मंगळवारी सकाळी गेली तेव्हा समाधीपाशी कुणी नव्हतं. तिनं फरशी सरकवली. ताट जसंच्या तसं होतं. आमटीवर साय धरली होती, भात कडक झाला होता, तूप भातात जिरलं होतं. एका कडेनं मुंग्या लागल्या होत्या.

ती चौथऱ्याला टेकून बसली. बसून राहिली. पलीकडं पडीक जमिनीवर तितर ओरडत होता. नैवेद्य टाकायचा नसतो, हे तिला लहानपणापासून ठाऊक होतं. तिनं मुंग्या झटकल्या, भाकरीचा तुकडा मोडला, आमटीत बुडवला आणि तोंडात घातला. ठेचा नव्हता, लोणचं नव्हतं. नुसती भाकरी आणि नुसती आमटी.

चावता चावता ती थांबली. पुन्हा एक घास घेतला. मग तिसरा, आमटी जास्त घेऊन, जिभेवर घोळवून. आणि तिनं मान वळवून चौथऱ्यावरच्या लिंगाकडं बघितलं.

"मालक," ती म्हणाली. डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि ते पुसायचं सोडून ती जेवत राहिली. भाकरी संपवली, कडक झालेला भात आमटीत कालवून संपवला, बोटानं ताट निपटून घेतलं. शेवटच्या थेंबापर्यंत जेवली. कोनाड्याला फरशी लावली, तांब्यातल्या पाण्यानं ताट धुतलं आणि घराकडं निघाली.

कोपऱ्यावरच्या घराच्या ओट्यावर तीच बाई बसली होती, जिच्या सुनेला दिवस गेले होते ती. लख्ख ताट बघून तिला चेव आला. आत कुणाला तरी डोळा मारून तिनं हाक दिली, "काय काकू? जेवले का मग अप्पा?"

सिद्धम्मा थांबली.

"न्हाई," ती म्हणाली. "आज मी जेवले. मीठ कमी होतं."